मीटरला दोन टोके का असतात

विद्युतविभव या संकल्पनेचे सूत्र विद्यार्थ्याला एका तासात पाठ होते, पण तिचा अर्थ शालेय शिक्षण संपले तरी अनेकांच्या हाती लागत नाही. बोलीत जिला ‘होल्टेज’ म्हणतात, कार्यालयीन मराठीत जिला ‘विद्युतदाब’ म्हणतात आणि पाठ्यपुस्तकात जिला ‘विभवांतर’ म्हणतात, ती एकच राशी आहे, हे वर्गातील बहुतेक मुलांना कोणी सांगितलेले नसते. त्यामुळे संध्याकाळी पंखा मंद फिरतो ते होल्टेज निराळे आणि परीक्षेत गुणांसाठी लिहायचे विभवांतर निराळे, अशी दोन खाती त्यांच्या मनात उघडली जातात आणि ती पुढे कधी एकमेकांशी जुळत नाहीत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील मुलांना विज्ञान शिकवताना प्रस्तुत लेखकाला ही दोन खाती वर्षानुवर्षे दिसत राहिली. ती जुळवण्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य प्रयोगशाळेच्या कपाटात नसून विहिरीवर, डीपीखाली आणि मोटारी भरून देणाऱ्या कारागिराच्या दुकानात पडलेले आहे, हे मात्र बऱ्याच उशिरा ध्यानात आले. त्या उशिराचा आणि त्यातून झालेल्या उमजेचा हा वृत्तान्त आहे.

नववीच्या विज्ञानात धाराविद्युत हे प्रकरण येते आणि त्यात विभवांतराची व्याख्या दिलेली असते: एकक धनप्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेण्यासाठी जे कार्य करावे लागते, ते त्या दोन बिंदूंमधील विभवांतर होय. प्रभार म्हणजे पदार्थाच्या कणांचा तो गुणधर्म, ज्याच्यामुळे ते एकमेकांना विद्युतबलाने ओढतात किंवा ढकलतात. तो कूलोममध्ये मोजतात आणि एक कूलोम प्रभार जमा होण्यास इतके इलेक्ट्रॉन लागतात की ६२ हजारांना एक कोटीने दोनदा गुणावे. कार्य ज्यूलमध्ये मोजतात, आणि एक कूलोम प्रभारामागे एक ज्यूल कार्य होत असेल तर विभवांतर एक व्होल्ट असते. या व्याख्येवरची उदाहरणे मुले बिनचूक सोडवतात, कारण त्यांत दोन संख्या दिलेल्या असतात आणि त्यांचा भागाकार करायचा असतो. मात्र अकरा हजार व्होल्टच्या तारेवर बसलेला कावळा का मरत नाही, असे विचारले की त्याच मुलांची उत्तरे भरकटतात. कोणी पक्ष्याच्या पायाला रबरासारखे कातडे असते असे म्हणते, कोणी त्या वेळी लाइट गेलेली असावी असे सुचवते, आणि व्याख्येकडे वळावे असे कोणालाही वाटत नाही.

या उत्तरांमागे एक ठाम समजूत असते. टाकीत जसे पाणी असते तसे तारेत व्होल्टेज असते, ते तारेत भरलेले असते आणि हात लावताच अंगावर येते, अशी ती समजूत आहे. मोठ्यांच्या बोलण्याने तिला रोज खतपाणी मिळते, कारण ‘तारेत होल्टेज आलं’, ‘आज होल्टेज भरपूर हे’ अशीच वाक्ये मुलांच्या कानांवर पडतात. वस्तुतः व्होल्टेज एकट्या तारेच्या मालकीचे नसते. ते तार आणि आणखी एखादी जागा यांच्यामधले असते, आणि ती दुसरी जागा सांगितल्याखेरीज त्याचा आकडा निरर्थक ठरतो. मूळ व्याख्येत ‘एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत’ हे शब्द आहेतच, पण मुले आणि शिक्षक दोघेही ते शब्द ओलांडून सूत्राकडे धावतात. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे त्याच घाईने धावला, हे येथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल.

ही घाई थांबली ती पंपाच्या पाटीमुळे. कापूस, मका, कांदा आणि आले पिकवणाऱ्या या भागात विहीर आणि तिच्यावरची मोटार हा शेतीचा कणा आहे, आणि शेतकऱ्याच्या घरातील आठवीतल्या मुलालाही आपली मोटार किती एचपीची आणि किती हेडची आहे हे तोंडपाठ असते. हेड म्हणजे पंप पाणी किती मीटर उंच चढवू शकतो त्याचे माप. पंपाच्या अंगावर जी धातूची पाटी ठोकलेली असते तिच्यावर हेडचा आकडा मीटरमध्ये आणि विद्युतदाबाचा आकडा व्होल्टमध्ये असे दोन्ही कोरलेले असतात. एकाच पाटीवर शेजारी शेजारी असलेले हे दोन आकडे एकाच स्वरूपाची माहिती देतात, ही गोष्ट लक्षात आल्यावर धड्याची सगळी मांडणीच बदलणे भाग पडले.

एक लिटर पाण्याचे वस्तुमान साधारण एक किलोग्रॅम असते आणि ते २० मीटर उचलण्यासाठी सुमारे १९६ ज्यूल कार्य करावे लागते. शंभर लिटर उचलायचे तर कार्य शंभरपट होईल, परंतु लिटरमागचा हिशेब तोच राहील, म्हणजे तो पाण्याच्या साठ्यावर अवलंबून नसून केवळ दोन पातळ्यांमधील फरकावर अवलंबून आहे. नेमका हाच हिशेब विजेत कूलोममागे करतात. २३० व्होल्टच्या विभवांतरातून एक कूलोम प्रभार गेला की २३० ज्यूल ऊर्जा बल्बला, इस्त्रीला किंवा मोटारीला मिळते. हेड म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याची ऊर्जा आणि व्होल्टेज म्हणजे प्रत्येक कूलोमच्या वाट्याची ऊर्जा, एवढे एक वाक्य फळ्यावर लिहिल्यानंतर मुले आपणहून विचारू लागली की मग विजेचे ‘पाणी’ म्हणजे काय, ‘पाइप’ म्हणजे काय आणि पाइपाची जाडी कशाला म्हणायचे. प्रभार, तार आणि रोध ही तिन्ही उत्तरे त्यांनीच काढली. रोध म्हणजे प्रभाराच्या वाहण्याला पदार्थाकडून होणारा अडथळा, आणि तार बारीक व लांब असली की तो वाढतो, हेही त्यांना पाइपावरूनच उमगले.

उंचीमुळे पाण्याच्या अंगी येणारी ही कामाची ताकद या जिल्ह्याला नवी नाही. छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्कीत दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून चाकावर सोडले आहे, आणि त्या पडत्या पाण्याच्या जोरावर पीठ दळणारे जाते फिरत असे. सहलीला जाणारी मुले तेथे हौद आणि मासे पाहून परततात. परंतु पाणी किती होते यापेक्षा ते किती उंचीवरून पडत होते हा प्रश्न तेथे उभे राहून विचारला, तर विभवांतराचा अर्धा पाठ तेथेच होतो. त्याच जिल्ह्यात पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. तेथे एकाच यंत्रात हेडचे रूपांतर व्होल्टेजमध्ये होते, म्हणजे पाण्याच्या पातळीतील फरक खर्ची पडतो आणि प्रभाराच्या पातळीतील फरक निर्माण होतो.

उपमा जेथे तुटते ती जागाही मुलांना दाखवणे आवश्यक असते, अन्यथा एक गैरसमज काढून दुसरा रुजवल्यासारखे होते. पाइप फुटला तर पाणी बाहेर सांडते, पण तार तुटली तर प्रभार जमिनीवर सांडून त्याचे डबके होत नाही. वाहण्यासाठी त्याला पूर्ण वळसा, म्हणजे परिपथ, लागतो. शिवाय घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा सेकंदाला शंभर वेळा पालटते, आणि २३० व्होल्ट हा आकडा तिचे परिणामकारक मूल्य असून शिखरावर ती सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत पोहोचते. पाण्याच्या उपमेत या पालटण्याला जागा नाही, तरीही पातळीतील फरकाची मूळ कल्पना तेथेही अबाधित राहते.

पातळीचा विषय निघाला की शून्य कोठे मानायचे हा प्रश्न येतोच. विहीर साठ फूट खोल आहे असे म्हणताना शून्य काठावर असते, गाव समुद्रसपाटीपासून अमुक मीटर उंचीवर आहे असे म्हणताना शून्य समुद्राच्या पातळीवर असते, आणि या दोन विधानांमध्ये कोणी विसंगती पाहत नाही. अकरावी-बारावीच्या पुस्तकात प्रभार अनंत अंतरावरून आणण्याची जी भाषा येते, तिने विद्यार्थी घाबरतात. पण तेथेही केवळ शून्य कोठे धरायचे याचीच निवड केलेली असते. विद्युतप्रभारापासून फार दूर गेले की त्याचा प्रभाव उरत नाही, म्हणून ती जागा शून्य मानणे अभ्यासकाला सोयीचे वाटते, तर वीज वापरणाऱ्याला पायाखालची जमीन शून्य मानणे सोयीचे वाटते. निवड बदलली तरी कोणत्याही दोन बिंदूंमधील फरक बदलत नाही, आणि उपयोगाचा तो फरकच असतो.

हे पटवण्यासाठी वर्गात केलेला प्रयोग अत्यंत साधा आहे आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. टॉर्चचे तीन सेल एका ओळीत, एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला लागेल असे, लाकडी पट्टीवर रबराने बांधायचे आणि मल्टिमीटरचे काळे टोक पहिल्या सेलच्या बुडाशी धरून लाल टोक एकेका सांध्यावर टेकवत जायचे. मीटरवर अनुक्रमे सुमारे १.५, ३ आणि ४.५ असे आकडे उमटतात आणि मुले ते वहीत उतरवतात. त्यानंतर लाल टोक त्याच जागांवर ठेवायचे, परंतु काळे टोक एक सेल पुढे सरकवायचे. आता सगळे आकडे १.५ ने घटतात, ज्या जागी मघाशी १.५ होते तेथे शून्य येते, आणि लाल टोक बुडाशी नेले की आकड्यापूर्वी वजा चिन्ह दिसते. पहिल्या वर्षी हे वजा चिन्ह पाहून वर्गात गलका झाला आणि मीटर बिघडला असा निष्कर्ष निघाला. एका मुलीने मात्र दोन रकाने शेजारी मांडून कोणत्याही दोन सांध्यांमधला फरक दोन्ही वेळा तोच येतो हे दाखवले. सेल बदलले नव्हते, फक्त मोजणाऱ्याचे शून्य सरकले होते. मीटरला दोन टोके का असतात, एकच का नसते, हा प्रश्न त्या तासापासून या प्रकरणाचा पहिला प्रश्न बनला.

सेलांची ही ओळ म्हणजे अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाच्या शोधाचीच छोटी आवृत्ती आहे. लुइजी गाल्वानी याने मेलेल्या बेडकाचे पाय दोन धातूंचा स्पर्श होताच आखडतात हे पाहून प्राण्यांच्या शरीरात वीज असते असे मांडले होते. व्होल्टाने ते अमान्य करून त्या परिणामाचे मूळ धातूंच्या जोडीत शोधले आणि जस्त व चांदी किंवा तांबे यांच्या चकत्यांमध्ये खारट पाण्यात भिजवलेली फडकी घालून त्यांची चळत रचली. १८०० साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने ही रचना कळवली. चकत्यांच्या जोड्या जितक्या वाढवाव्या तितकी चळतीच्या दोन टोकांमधील पातळी वाढते, हे त्या रचनेचे मर्म होते, आणि १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने या राशीच्या एककाला व्होल्टाच्या नावावरून व्होल्ट हे नाव मान्य केले.

प्रयोगशाळेतून गावात आले की जमिनीला शून्य का मानतात याचे उत्तर डीपीखाली मिळते. डीपी म्हणजे रोहित्र, जे अकरा हजार व्होल्टचा दाब उतरवून वस्तीसाठी आणि मोटारींसाठी योग्य करते. त्यातून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. कोणत्याही फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात, तर कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. २३० ची दुप्पट ४६० येते, ४०० कशी, असे चौकस मुले विचारतात. तिन्ही फेज एकाच क्षणी शिखरावर नसून एकामागून एक शिखर गाठतात, म्हणून त्यांच्यातील फरक दुपटीऐवजी १.७३ पट भरतो. न्यूट्रलची तार डीपीपाशीच जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला जोडलेली असते, आणि केवळ या जोडणीमुळे तिची पातळी जमिनीच्या पातळीच्या जवळ राहते. न्यूट्रल शून्य असते, ते निसर्गनियमाने नसून माणसाने खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून तिला जमिनीशी बांधून ठेवलेले असते म्हणून. काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते तेव्हा हे बंधन सैल होते, कारण कोरड्या मातीचा रोध फार वाढतो. जाणता वायरमन एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्यास सांगतो, त्यामागचे शास्त्र एवढेच आहे.

न्यूट्रलची तार वाटेत कोठे तुटली तर काय होते, याचा अनुभव खेड्यात अनेक घरांनी घेतला आहे. तार तुटली म्हणजे लाइट जायला हवी अशी लोकांची अपेक्षा असते, प्रत्यक्षात काही घरांतील बल्ब डोळे दिपवतील इतके पेटतात, टीव्हीतून धूर येतो, आणि शेजारच्या घरातला पंखा मात्र जेमतेम फिरत असतो. याचे कारण दोन टोकांच्या नियमातच आहे. दोन निरनिराळ्या फेजवरची दोन घरे न्यूट्रलच्या आधारे स्वतंत्रपणे २३० व्होल्ट घेत होती. तो आधार सुटताच ती एकापुढे एक अशी जोडली जातात आणि दोन फेजमधील ४०० व्होल्ट त्यांच्यात रोधाच्या प्रमाणात वाटले जातात. एका घरात हजार वॉटचा भार चालू असेल आणि दुसऱ्यात फक्त शंभर वॉटचा, तर मोठ्या भाराचा रोध कमी असल्यामुळे पहिल्या घराच्या वाट्याला सुमारे ३६ व्होल्ट येतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला सुमारे ३६४. ज्याने कमी वीज वापरली त्याचेच नुकसान अधिक, हा उलटा न्याय ऐकून मुले हसतात, पण हा भागाकार एकदा स्वतः केलेल्या मुलाला न्यूट्रलचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

मोटारी भरून देणाऱ्या, म्हणजे जळालेली गुंडाळी काढून नव्या तांब्याच्या तारेने ती पुन्हा गुंडाळून देणाऱ्या कारागिराकडे बसल्यावर याच विषयाची दुसरी बाजू उघडते. रब्बीच्या हंगामात त्याच्या दुकानापुढे मोटारींची रांग लागते. आत काळवंडलेल्या तारांचे पुंजके, जळक्या वार्निशचा उग्र वास आणि नव्या गुंडाळीत घालण्यासाठी कापून ठेवलेले कागद असतात. मोटार उघडल्याबरोबर तो जळण्याचे कारण सांगतो: तीनपैकी एक फेज गेल्याने जळाली असेल तर गुंडाळीचा काही भाग करपलेला आणि काही भाग चांगला दिसतो, तर दाब कमी असताना फार वेळ चालल्याने जळाली असेल तर सगळी गुंडाळी सारखीच काळी पडलेली असते. मोटार जास्त व्होल्टेजने जळते हे सर्वांना पटते, कमी व्होल्टेजने जळते हे पटत नाही. त्याचा उलगडा असा की पंपाला पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणजे काम तेवढेच राहते. प्रत्येक कूलोमच्या वाट्याची ऊर्जा कमी झाली की तेवढ्याच कामासाठी जास्त कूलोम लागतात, म्हणून धारा, म्हणजे दर सेकंदाला वाहणारा प्रभार, वाढते. ४०० च्या जागी ३३० व्होल्ट मिळाले तर धारा सुमारे एकपंचमांशाने वाढते, गुंडाळीतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे जवळपास दीडपट होते, आणि मोटारीचा फिरवण्याचा जोर मात्र दोनतृतीयांशांच्या आसपास घसरतो.

हे ३३० व्होल्ट येतात कोठून, याचा शोध मुलांनी प्रौढांच्या देखरेखीखाली, स्वतः हात न लावता, स्टार्टरवरील व्होल्टमीटर वाचून घेतला. डीपीजवळच्या विहिरीवरचा आकडा आणि त्याच लाइनवरच्या शेवटच्या विहिरीवरचा आकडा एकाच वेळी टिपला असता शेवटचा आकडा नेहमी कमी भरला, आणि आणखी मोटारी सुरू होताच तो आणखी उतरला. एक किलोमीटर तारेचा रोध सुमारे एक ओहम धरला आणि तिच्यातून ४० अँपिअर धारा वाहत असली, तर ४० व्होल्ट तारेतच खर्ची पडतात; २३० चे १९० राहतात आणि दोन फेजमधील ४०० चे सुमारे ३३०. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांच्या भाषेत ‘टेल’ हा शब्द आहे. पाटाच्या शेवटी ज्याचे शेत आहे तो टेलचा शेतकरी, आणि त्याला पाणी नेहमीच कमी मिळते. विजेच्या लाइनलाही तसेच टेल असते, आणि तेथील शेतकऱ्याची मोटार वारंवार जळण्यात त्याचा दोष नसतो. वीज येताच आपोआप मोटार सुरू करणारे ऑटोस्विच सर्वांनी बसवले की सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, सुरुवातीला प्रत्येक मोटार नेहमीच्या कितीतरी पट धारा ओढते, आणि दाब कोसळून शेवटच्याला काहीच उरत नाही. रात्रीची थंडी आणि सापकिरडाची भीती लक्षात घेता ऑटोस्विच लावणाऱ्याला दोष देता येत नाही, तरीही त्याचा परिणाम शेजाऱ्याच्या गुंडाळीवर होतो हे खरेच आहे.

यावरचा तांत्रिक उपायही विभवांतराच्या समजुतीतूनच निघतो. महाराष्ट्रात २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणाली या योजनेखाली अकरा हजार व्होल्टची लाइन विहिरीच्या जवळपर्यंत नेऊन एका किंवा दोन शेतकऱ्यांसाठी छोटे रोहित्र बसवण्याचे काम झाले. तेवढीच ऊर्जा अकरा हजार व्होल्टवर नेली तर ४०० व्होल्टच्या तुलनेत धारा २७.५ पटीने कमी लागते, आणि तीच तार धरल्यास वाटेतील नुकसान तिच्या वर्गाने, म्हणजे सातशेहून अधिक पटीने, घटते. दूर जायचे तर पातळी उंच ठेवावी आणि वापराच्या जागी ती उतरवावी, हे तत्त्व खांबावरच्या तारांची मांडणी पाहून वाचता येते.

आता कावळ्याकडे परतता येते. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, पाचेक सेंटिमीटर अंतरावर असतात. वरच्याच हिशेबाने, ४० अँपिअर धारा असली तरी तेवढ्या तुकड्यावर विभवांतर व्होल्टच्या पाचशेव्या भागाइतके भरते. अकरा हजार हा दोन फेजमधील आकडा असल्याने जमिनीच्या तुलनेत ती तार ६,३५० व्होल्टवर असेल, पण कावळ्याचे दुसरे टोक जमिनीवर नाही, म्हणून तो आकडा त्याला लागू होत नाही. पंख खांबाच्या लोखंडाला टेकले की तो क्षणात लागू होतो, आणि दुसऱ्या तारेला टेकले तर अकरा हजारांचा. याच नियमाची दुःखद बाजू पावसाळ्यात दिसते. तुटलेली तार ओल्या जमिनीवर पडली असता जमिनीची पातळी त्या जागी उंच असते आणि दूर जावे तशी उतरत जाते, त्यामुळे दोन पावलांच्या जागांमध्येही विभवांतर असते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांतील अंतर माणसाच्या पावलापेक्षा मोठे असते आणि धारेचा मार्ग त्याच्या छातीतून जातो, म्हणून एकाच वाटेने जाणाऱ्या दोघांपैकी बैल कोसळतो आणि धनी वाचतो. अशा जागेजवळ सापडलेल्याने टांगा टाकत पळू नये, पाय जुळवून, ते न उचलता सरकत दूर जावे, असे सांगतात ते यासाठीच. वीज कडाडत असताना उघड्यावर सापडल्यास पाय जुळवून उकिडवे बसावे या सूचनेतही पावलांमधील अंतर कमी करण्याचा हाच विचार आहे.

विभवांतर समजले तरी तेवढ्याने धोका मोजता येत नाही, हे सांगण्यासाठी झटका मशीन उपयोगी पडते. रानडुकरे आणि नीलगाई यांपासून पीक राखण्यासाठी शेताभोवती जी तार ओढतात, तिच्यात हे यंत्र बारा व्होल्टच्या बॅटरीवरून काही हजार व्होल्टचे ठोके साधारण सेकंदाला एक या गतीने सोडते, आणि तरीही तिला शिवलेला माणूस दचकून मागे सरतो, मरत नाही. प्रत्येक ठोका अत्यल्प काळ टिकतो आणि त्यातून वाहणारा प्रभार थोडा असतो, म्हणून कूलोममागची ऊर्जा मोठी असूनही एकूण ऊर्जा मर्यादित राहते. उलट घरच्या २३० व्होल्टची फेज कुंपणाला जोडली तर धारा अखंड वाहू शकते आणि माणूस तिला चिकटून मरतो. असे करणे बेकायदा आहे आणि दरवर्षी त्यात बळी जातात. हजारो व्होल्टची तार जगू देते आणि २३० ची मारते, या कोड्याचे उत्तर ज्या विद्यार्थ्याला स्वतः मांडता येते, त्याला विभवांतर, प्रभार आणि ऊर्जा यांचा परस्परसंबंध समजला असे मानण्यास हरकत नाही.

या सगळ्या अनुभवाकडे मागे वळून पाहताना शिकवण्यातील चूक स्पष्ट दिसते. ज्या मुलांना हेड, टेल, फेज, न्यूट्रल, अर्थिंग, झटका हे शब्द कामातून ठाऊक होते, त्यांच्यापुढे धडा अशा व्याख्येने सुरू केला जात होता की जिच्यात त्यांच्या ओळखीचा एकही शब्द नव्हता, आणि पाठांतराला ज्ञान मानून पुढचे प्रकरण उघडले जात होते. आता क्रम उलट आहे. आधी पंपाची पाटी, मग तीन सेलांचा प्रयोग, मग लाइनच्या दोन टोकांवरचे आकडे, आणि सर्वांत शेवटी व्याख्या, जी तोपर्यंत मुले स्वतःच्या शब्दांत सांगू लागलेली असतात. परीक्षेतील गुणांत यामुळे मोठा फरक पडला असा दावा करण्याचे कारण नाही, कारण भागाकार मुले पूर्वीही बरोबर करत होती. फरक प्रश्नांत पडला. पूर्वी ‘या तारेत किती व्होल्ट आहेत’ असे विचारणारी मुले आता ‘कुठून कुठपर्यंत’ असे विचारतात.

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जावा, अशी या लेखनामागची विनंती आहे. कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार सर्व्हिस वायरच्या खांबाला किंवा पत्र्याच्या छपराला बांधलेली असेल तर ती आजच सोडवून तेथे नायलॉनची दोरी बांधावी, मोटारीच्या आणि कूलरच्या अंगाला अर्थिंग आहे की नाही ते जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि येत्या उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी घालावे.